मक्याचा क्रेट जेटीवर फुटला, त्याची गोष्ट



जून-जुलैची बंदी म्हणजे संस्थेच्या कार्यालयात हिशोब, दुरुस्ती आणि खरेदीचे दिवस. १ ऑगस्टला होड्या सुटल्या की कुणाला बोलायलाही फुरसत नसते, म्हणून क्रेट, दोर, बर्फाच्या पेट्या यांचं ठरवाठरवी आत्ताच करावी लागते. यंदा त्याच दिवसांत एक विक्रेता आमच्याकडे नमुने घेऊन आला. दोन क्रेट आणि पिशव्यांचा एक रोल. म्हणाला, "सायब, हे पेट्रोलचं प्लास्टिक नव्हे. शंभर टक्के मक्यापासून. समुद्रात पडलं तरी विरघळून जातं." दर आपल्या नेहमीच्या निळ्या क्रेटच्या दुपटीहून जास्त होता. पण बोलणं ऐकून कार्यकारिणीतले अर्धे जण हो म्हणायच्या तयारीत होते. जाळ्यात माशांबरोबर रोज किती प्लास्टिक वर येतं ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

आम्ही म्हटलं, आधी वापरून बघू. एका क्रेटमध्ये बर्फ भरून रात्रभर ठेवला. सकाळी एका खलाशाने तो होडीवरून खाली जेटीवर टाकला. हंगामात आपण रोज टाकतो तसाच, मुद्दाम जोर लावून नव्हे. कोपरा काडकन तुटला, तळाला तडा गेला आणि एक तुकडा उडून शेजारी बसलेल्या मावशींच्या तळहातात घुसला. जखम मोठी नव्हती, पण तुकडा काचेसारखा धारदार होता. आमचा एक जुना तांडेल म्हणाला, "हा क्रेट नव्हे रे, ही चिक्की!"

विक्रेता ओशाळला. म्हणाला, "पुढच्या मालात रबर आणि नॅनो टाकतायत, तो फुटणार नाही." हे ऐकून सगळे गप्प. रबर ठीक आहे, पण नॅनो म्हणजे काय, आणि प्लास्टिकमध्ये रबर घातल्याने काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी काम आमच्याच गळ्यात पडलं: हा खरं बोलतोय की थापा मारतोय ते शोधून काढा. आमचं शिक्षण बारावीपर्यंतचं, रसायनशास्त्राचं पुस्तक बंद करून पंचवीसेक वर्षं झाली. पण संस्थेचे पैसे म्हणजे सभासदांचे पैसे. म्हणून वाचलं, एका सभासदाचा मुलगा पॉलिमरचं शिकतो त्याला पिडलं, आणि जे समजलं ते इथे मांडतोय.

कडक वेगळं, चिवट वेगळं

पहिली गोष्ट ही समजली की कडक असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच कडक असते, पण चिवट नसते. क्रेट खाली पडतो तेव्हा त्या आदळण्याची ताकद कुठेतरी जिरावी लागते. चिवट प्लास्टिक जरा वाकतं, ताणलं जातं आणि ती ताकद पचवतं. ठिसूळ प्लास्टिकला वाकता येत नाही. मग सगळी ताकद एका बारीक तड्याच्या टोकावर गोळा होते आणि तो तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो.

आपला निळा क्रेट बहुतेक करून एचडीपीई प्लास्टिकचा असतो. हे प्लास्टिक शून्याखाली शंभराच्या आसपास थंडी गेल्यावर काचेसारखं होतं. म्हणजे आपला बर्फ त्याच्या खिजगणतीत नाही. मक्याचं जे प्लास्टिक बाजारात जास्त मिळतं त्याला पीएलए म्हणतात. मक्याचा किंवा उसाचा पिष्ट-साखरेचा भाग जीवाणूंकडून आंबवून लॅक्टिक आम्ल करतात. दही आंबट होतं ते याच आम्लामुळे. मग त्या आम्लाच्या लांब साखळ्या जोडून प्लास्टिक बनवतात. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात याचा मोठा कारखाना २००२ पासून चालू आहे. आपल्या जवळचं सांगायचं तर पुण्याजवळ जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ मध्ये याचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं आहे.

अडचण अशी की पीएलएच्या साखळ्या साधारण ६० अंशांच्या खाली जखडून बसतात. म्हणजे आपल्या रोजच्या हवेतसुद्धा ते काचेच्याच अवस्थेत असतं. ताणलं तर शंभरात चार-पाच भाग लांबतं आणि तुटतं. एचडीपीई कित्येक पट लांबतं. वर आणखी एक गोम आहे. ६० च्या जवळ गेलं की पीएलए एकदम मऊ पडतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत त्याचा आकार बिघडू शकतो. जेटीवर फुटणार आणि टेम्पोत वाकणार, असा क्रेट घेऊन आपण काय करायचं?

जीवाणूंची चरबी

दुसऱ्या जातीचं प्लास्टिक आहे पीएचबी. याची गोष्ट आम्हाला फार आवडली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लेम्वान्य या शास्त्रज्ञाला १९२६ मध्ये आढळलं की काही जीवाणू आपल्या पोटात हे प्लास्टिक साठवून ठेवतात. बांगडा खाऊन-पिऊन चरबी धरतो तसंच हे. खायला मिळालं की साठवायचं, उपासमार झाली की तेच खायचं. म्हणूनच हे प्लास्टिक समुद्रात किंवा मातीत पडलं की दुसरे जीवाणू ते खाऊ शकतात. त्यांच्यासाठी तो खाऊच आहे.

पुढे ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने याचा जरा मऊ भाऊ बाजारात आणला, त्याला पीएचबीव्ही म्हणतात. १९९० मध्ये जर्मनीत त्याची शॅम्पूची बाटलीही निघाली. पण धंदा फार वाढला नाही. एक तर महाग, दुसरं म्हणजे ठिसूळ. आणि या ठिसूळपणाची एक विचित्र सवय आहे. माल साच्यातून निघाल्यावर ठेवून दिला तरी आतले स्फटिक हळूहळू वाढत राहतात. पाकातली साखर दिवसांमागून दिवस दाणे धरत जाते ना, तसं. म्हणजे कारखान्यात तपासला तेव्हा बरा होता आणि गोदामात महिनाभर पडून आपल्याकडे आला तेव्हा ठिसूळ झाला, असं होऊ शकतं. शिवाय हे प्लास्टिक शून्य ते पाच अंशांच्या आसपास काचेसारखं होतं. बरोबर बर्फाचं तापमान! आपल्या कामाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

रबर काय करतं

आता रबराकडे येऊ. ठिसूळ प्लास्टिकमध्ये रबर घालायची युक्ती नवी नाही. पॉलिस्टायरिन नावाचं प्लास्टिक फार ठिसूळ. त्यात रबराचे बारीक थेंब पसरवले आणि फ्रिजच्या आतल्या भिंती बनवण्याजोगं चिवट प्लास्टिक झालं. डोक्यावरच्या हेल्मेटचं कवच पुष्कळदा एबीएस प्लास्टिकचं असतं, त्यातही रबराचे कण असतात. म्हणजे आपण रोज या युक्तीवर भरवसा ठेवून स्कूटर चालवतो.

हे कसं चालतं, ते आम्हाला जाळ्यावरून समजलं. नव्या कोऱ्या कापडाला कडेला एक काप द्या आणि ओढा, सर्रकन शेवटपर्यंत फाटतं. जाळ्याचा एक आस तुटला तर? भोक पडतं, पण जाळं शेवटपर्यंत फाटत नाही. प्रत्येक गाठीपाशी ओढ वाटली जाते. ठिसूळ प्लास्टिकमधले रबराचे थेंब त्या गाठींचं काम करतात. तडा धावत आला की थेंब ताणला जातो, त्याच्या आत बारीक पोकळी होते, आजूबाजूचं प्लास्टिक थोडं-थोडं सरकतं आणि तड्याची ताकद शंभर ठिकाणी वाटली जाते. एका जागी मोठा घाव बसण्याऐवजी शंभर जागी चिमटे बसतात.

पण थेंब बारीक हवेत. साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्याही कितीतरी लहान. इथेच खरी कसरत आहे. प्लास्टिक आणि रबर एकमेकांत मिसळत नाहीत, तेल-पाण्यासारखे वेगळे राहतात. नुसते वितळवून ढवळले तर थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात आणि प्लास्टिकला नीट चिकटतही नाहीत. न चिकटलेला मोठा थेंब म्हणजे गाठ नव्हे, भोकच. तडा तिथूनच सुरू होतो.

म्हणून रसायनाने त्यांचं लग्न लावावं लागतं. एक उपाय म्हणजे रबरालाच थोडं बदलून प्लास्टिकशी जमेल असं करणं. दुसरा उपाय म्हणजे मिश्रण गरम यंत्रात घुसळत असतानाच पेरॉक्साइडसारखं द्रव्य घालून रबराच्या साखळ्या एकमेकींना आणि शेजारच्या प्लास्टिकला बांधून टाकणं. आणि यासाठी लागणारं नैसर्गिक रबर काही परदेशातलंच हवं असं नाही. आपल्या सत्तरीत आणि पलीकडे दोडामार्गात रबराच्या बागा आहेत. तिथल्या झाडाचा चीक आणि जीवाणूंचं प्लास्टिक एकत्र येऊ शकतं, ही कल्पना आम्हाला तरी भारी वाटली.

मग नॅनो कशाला?

कारण रबराची किंमत चुकवावी लागते. चिवटपणा आला की कडकपणा जातो. आपण बांगड्याने भरलेले आठ-दहा क्रेट एकावर एक रचतो. जास्त रबर घातलेला क्रेट फुटणार नाही, पण सगळ्यात खालचा बसकण मारेल.

याचं उत्तर जेटीवरच टांगलेलं आहे. होडी घासू नये म्हणून आपण जुने टायर बांधतो. टायर काळा का असतो? नुसतं रबर मऊ असतं, रस्त्यावर चार दिवसांत झिजेल. त्यात काजळीचे अतिबारीक कण मिसळतात, त्याने ते घट्ट आणि टिकाऊ होतं. नॅनो म्हणजे असेच बारीक कण. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

जैविक प्लास्टिकसाठी बरेचदा मातीचे कण वापरतात. बेंटोनाइट नावाची माती आपल्या देशात कच्छमध्ये भरपूर निघते. तिच्यातल्या पापुद्र्याची जाडी साधारण एक नॅनोमीटर असते आणि रुंदी त्याच्या शेकडो पट. जपानच्या टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात अशी माती नायलॉनमध्ये मिसळली आणि पुढे त्याचे गाडीच्या इंजिनातल्या पट्ट्यावरचे झाकणही निघाले. शंभर भागांत दोन-चार भाग माती पुरते, बादलीभर लागत नाही.

हे कण तीन कामं करतात. रबराने घालवलेला कडकपणा थोडा परत आणतात. रबर आणि प्लास्टिकच्या सीमेवर जाऊन बसले तर थेंबांना एकमेकांत विलीन होऊ देत नाहीत. आणि चपटे पापुद्रे आडवे पसरले की हवेला आरपार जायला वळणं घेत जावं लागतं, म्हणून वेष्टनात प्राणवायू कमी शिरतो. मासळीच्या पाकिटाला हा मोठाच फायदा.

पण इथेही एक 'पण' आहे. हे पापुद्रे पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांना चिकटलेले असतात. पत्ते पिसून वेगळे केले तर फायदा. गठ्ठा तसाच राहिला तर तो प्लास्टिकमधला खडा होतो आणि तडा तिथून सुरू होतो. म्हणजे "नॅनो टाकलंय" एवढं म्हणून काही सिद्ध होत नाही. नीट पसरलंय का, हा खरा प्रश्न.

प्रयोगात किती जमलं

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी पीएचबीव्हीमध्ये नैसर्गिक रबर, पेरॉक्साइड आणि साखळ्या बांधणारं आणखी एक द्रव्य घालून मिश्रण केलं. ते नुसत्या पीएचबीव्हीपेक्षा ७५ टक्के जास्त चिवट आणि लवचिकतेत दुप्पट निघालं. ताण सोसायची ताकद ३० टक्के कमी झाली. पण याआधीच्या काही प्रयत्नांत ती ८० टक्क्यांपर्यंत गेली होती, म्हणून ३० ही मोठी सुधारणा. गेलेली ही ताकद आणि कडकपणा भरून काढायला बारीक कणांचा आधार घेतात. त्यांचं लक्ष खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर होतं, रोज आपटल्या जाणाऱ्या क्रेटवर नव्हे, हे ध्यानात ठेवायचं.

म्हणजे विक्रेता रबराबद्दल आणि नॅनोबद्दल थापा मारत नव्हता. विद्या खरी आहे. पण विद्या खरी असणं आणि त्याचा क्रेट आपल्या जेटीवर टिकणं यांत अंतर आहे.

"समुद्रात विरघळतं" हे मात्र खरं नव्हतं

विक्रेत्याचं हे बोलणं आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं. कशापासून बनलं आणि कुठे कुजतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन बनवतात. ते ऊसापासूनचं असलं तरी पॉलिथिनच, कुजत नाही. पीएलए कुजतं, पण त्याला कारखान्यातल्या खताच्या ढिगाची ५५-६० अंशांची ऊब लागते. समुद्रात ती कुठून आणणार? तिथे ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. पिशवीवर 'कंपोस्टेबल' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तोच: नीट चालवलेल्या खताच्या ढिगात कुजेल. समुद्रात टाका असा त्याचा अर्थ नाही.

पीएचबीच्या जातीचं प्लास्टिक समुद्रात खरंच कुजतं. पातळ असेल तर लवकर, जाड असेल तर उशिरा. पण त्यात काय मिसळलंय त्यावरही सगळं अवलंबून. माती मातीच राहील. साखळ्या बांधलेलं नैसर्गिक रबर हळू कुजतं. आणि रबराच्या जागी पेट्रोलपासूनचं काही घातलं असेल तर आजूबाजूचं प्लास्टिक कुजल्यावर ते बारीक कण होऊन पाण्यात उरेल. म्हणून मिश्रणाची चाचणी मिश्रणाचीच व्हायला हवी. नुसत्या पीएचबीचा दाखला दाखवून चालणार नाही.

आपल्या कामाचं कुठे?

आम्हाला वाटतं, क्रेट ही चुकीची जागा आहे. चांगला एचडीपीई क्रेट वर्षानुवर्षं चालतो आणि तुटला तर भंगारवाला विकत घेतो. तो समुद्रात राहत नाही. जे समुद्रात हरवणारच आहे, तिथे हे प्लास्टिक हवं.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या सागरी विज्ञान संस्थेने कुर्ल्यांच्या सापळ्याला पीएचएचा, म्हणजे याच जातीच्या प्लास्टिकचा, एक भाग बसवून पाहिला. सापळा हरवला तर तो भाग कुजतो, वाट मोकळी होते आणि आतल्या कुर्ल्या उगाच मरत नाहीत. आपल्याकडे खाडीत किती सापळे हरवतात ते सापळेवाल्यांनी मनातल्या मनात मोजावं. दक्षिण कोरियाने कुजणारी जाळी बनवली. नॉर्वेत तशा जाळ्यांची चाचणी झाली तेव्हा नायलॉनच्या जाळ्यापेक्षा कॉड मासा कमी मिळाला. धाग्याची ताकद आणि ताण कमी पडला की मासा निसटतो. म्हणजे चिवटपणाचा हा प्रश्न सुटल्याशिवाय कुठलाही मच्छीमार ते जाळं होडीत घेणार नाही. घेऊ नये असंही आम्ही म्हणू, कारण कर्जाचा हप्ता नायलॉनच्या जाळ्यानेच फिटतो. म्हणूनच रबर आणि नॅनोचं हे संशोधन आपल्याही पोटापाण्याचं आहे.

काय ठरलं

कार्यकारिणीत हे सगळं मांडलं. ठरलं ते असं: या हंगामाला नेहमीचेच क्रेट घ्यायचे. विक्रेत्याला सांगितलं की नवा माल आला की थोडे क्रेट आण, महिनाभर एका होडीवर बर्फ, ऊन आणि खारं पाणी दाखवून बघू, मग पैशांचं बोलू. आणि तुमच्यापैकी कुणाकडेही असा माल घेऊन कुणी आला तर हे विचारा:

१. हे प्लास्टिक कोणतं? पीएलए की पीएचए की आणखी काही? नुसतं 'बायो' हे उत्तर चालणार नाही.
२. बर्फात ठेवून आपटल्याची चाचणी झालीय का? आणि माल बनल्यावर किती दिवसांनी?
३. कुजतं म्हणजे कुठे? खताच्या ढिगात, मातीत की समुद्रात? दाखला मिश्रणाचा आहे की मूळ प्लास्टिकचा?
४. पिशव्या असतील तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का?
५. मासळीला लागणार असेल तर खाद्यपदार्थांच्या वेष्टनाच्या नियमांत बसतं का? बारीक कण मिसळलेले असतील तर हे आधी विचारा.

पाचांपैकी दोन उत्तरं गोलमाल आली तरी चहा पाजून त्याला परत पाठवा.

मावशींचा हात आता बरा आहे. त्या दिवशीचा फुटलेला क्रेट आम्ही टाकलेला नाही, कार्यालयात कपाटावर ठेवलाय. बंदी उठायच्या आधी येऊन हातात घेऊन बघा आणि शेजारी आपल्या निळ्या क्रेटची कड वाकवून बघा. ठिसूळ म्हणजे काय आणि चिवट म्हणजे काय, ते आमच्या एवढ्या लिहिण्यापेक्षा लवकर कळेल. येताना जुने फुटके क्रेट आणि जाळ्यांचे तुकडे घेऊन या. भंगारवाला बंदी उठायच्या आदल्या आठवड्यात येणार आहे. हंगामात जाळ्यात आलेलं प्लास्टिकही परत पाण्यात न सोडता जेटीवर आणा. समुद्रात विरघळणारं प्लास्टिक येईल तेव्हा येईल, आज आपल्या हातात एवढं नक्की आहे.

सर्वांना येत्या हंगामाच्या शुभेच्छा. दर्या सांभाळून घेवो.

संस्थेच्या कार्यालयातून, आपले सचिव